वाडा आतून, वाडा बाहेरून

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचीही आली. ती पुण्याला वास्तुकला शिकते. पिशवीतून फराळाच्या डब्याआधी तिने एक जाडजूड चित्रांचे पुस्तक बाहेर काढले. पुस्तक व्हेनिस शहराचे होते. ओसरीवर दिव्याशेजारी बसून आम्ही मामा-भाची ती पाने उलटीत होतो आणि आतून अनारशांचा वास येत होता. पाण्यात पाय सोडून बसलेले एकेक वाडे पाहून मी मनापासून वाहवा करीत होतो. शेवटचे पान मिटून भाचीने विचारले, "मामाजी, आपल्याकडे असं काही आहे का हो?"

व्हेनिसची गोष्ट थोडीफार आपण सर्वांनीच ऐकलेली असते. उथळ खाऱ्या पाण्यातल्या बेटांवर, चिखलात लाकडी खुंट ठोकून हे शहर उभे केले. त्याचे जुने भाग सहा : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सान्ता क्रोचे. गोंडोला नावेच्या टोकाशी लोखंडी फणी असते, तिचे सहा दाते म्हणजे हेच सहा भाग, असे तिथले नावाडी पाहुण्यांना सांगतात. दांदोलो, मोचेनिगो, कोन्तारिनी ही तिथली बडी घराणी. एकट्या कोन्तारिनी घराण्याने त्या राज्याला आठ डोज, म्हणजे आठ राज्यप्रमुख दिले. १२९७ साली महासभेची दारे ठरावीक घराण्यांपुरती राखून ठेवण्यात आली आणि पुढे सोळाव्या शतकात उमरावांच्या पोरांचे जन्म एका वहीत नोंदले जाऊ लागले. तिला सोनेरी पोथी म्हणत. पोथीत नाव असेल तो उमराव, नसेल तो बाकीच्यांतला. १७९७ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या धाकाने महासभेने स्वतःच स्वतःचे विसर्जन केले आणि हजार वर्षांचा खेळ आटोपला. वाडे मात्र राहिले.

भाचीच्या प्रश्नाला माझे उत्तर तयार होते. मी म्हटले, "आहे की! तू राहतेस ते पुणे."

आणि खरेच, घराणी आणि वस्त्या यांचे लग्न लागलेले पाहायचे असेल तर मराठी मुलखात पुण्यासारखे दुसरे शहर नाही. कसबा हा मूळ गाव. भोवती वारांच्या पेठा वसल्या आणि त्यांच्यात माणसांच्या नावांच्या पेठा मिसळल्या. रास्ते सरदारांची रास्ता पेठ, घोरपड्यांची घोरपडे पेठ, नाना फडणिसांची नाना पेठ. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही रास्त्यांचीच लेक, तेव्हा त्या पेठेला पेशव्यांच्या सोयरिकीचाही मान. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची. एक १७६१ साली पानिपतावर पडला, दुसरा १७७३ साली शनिवारवाड्यातच मारला गेला. दोन अकाली गेलेल्या तरुणांची ही नावे आज टपालाच्या पत्त्यात इतकी रुळली आहेत की लिहिणाऱ्याचा हात क्षणभरही अडखळत नाही. ज्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली, त्यावर १८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ साली आतला सगळा लाकूडकाम आगीत गेला. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी जुने वाडे पाण्याने नेले. राहिले ते जागामालकांनी आणि कंत्राटदारांनी हळूहळू नेले. पण पेठांची नावे आगीत जळली नाहीत की पुरात वाहिली नाहीत.

भाचीने सगळे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न टाकला, "आणि बिरसीला?"

मी हसून म्हटले, "बिरसीची ऐतिहासिक वास्तू म्हणजे धावपट्टी!" ते खोटे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे विमानांसाठी पट्टी बांधली. आज तिच्यावरूनच विमाने उतरतात आणि शिकाऊ वैमानिक आमच्या धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालतात. भाची हसली. पण प्रश्न हसण्यावारी गेला तरी मनातून जाईना. पस्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. घराण्यांवर आणि वाड्यांवर लिहिलेले इतके वाचले आणि शिकवले, पण या प्रश्नाच्या अंगाने ते कधी वाचले नव्हते. शहर घराण्यांची नावे सांभाळते. त्यांचे जगणे कसे होते ते मात्र साहित्याला विचारावे लागते. म्हणून दिवाळीनंतर मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. हा लेख त्या वाचनाचा हिशेब आहे.

आपल्या घराघरांत वाडा शिरला तो मुख्यतः ऐतिहासिक कादंबरीच्या दारातून. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि माधवराव-रमाबाई मराठी कुटुंबांचे जणू जवळचे नातलग झाले. माझ्या आईने ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा शेवटी डोळे पुसले. या प्रकारच्या कादंबरीत वाडा हा देवघरासारखा असतो. तिथे समया तेवतात, मसलती होतात, पैठण्या सळसळतात. तिथे राबणारी माणसे नसतात असे नाही, परंतु ती मुजरा करून पडद्याआड जातात. यात लेखकाचा दोष काढण्याचे मला कारण दिसत नाही. देवघरात चपला कुठे ठेवल्या हे कोणी विचारीत नाही.

श्री. ना. पेंडशांनी हा देवघराचा थाट मोडला. १९८७ सालची त्यांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी म्हणजे जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी. इथे घराणे आहे, पण त्याची आरती नाही. खोतांचा माज, त्यांची विकृती आणि त्यातूनच अधूनमधून उगवणारा एखादा स्वच्छ माणूस, हे सगळे पेंडसे सारख्याच थंड नजरेने पाहतात. खोती म्हणजे काय हे कोकणच्या कुळाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते ते उगाच नव्हे. तरीही एवढ्या मोठ्या कादंबरीत आपण बहुतेक वेळ उभे असतो ते खोतांच्या ओटीवर. कुळाच्या खळ्यात उभे राहून तो ओटा कसा दिसतो, हे क्वचितच कळते.

आणि मग महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी'. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही दोन नाटके जोडली जाऊन त्याची नाट्यत्रयी झाली आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटके सलग सादर केली. एलकुंचवार आमच्या विदर्भाचेच, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांच्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा आम्हा वैदर्भीयांना ओळखीचा वाटतो. तात्याजी गेले आहेत, तेराव्याची तयारी आहे, मुंबईचा धाकटा भाऊ सुधीर बायकोला घेऊन आला आहे. दारात गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे. थोरला भास्कर रिकाम्या रुबाबाने घर चालवतो आहे. शिकायचे राहून गेलेली प्रभा आतल्या आत जळते आहे. म्हातारी दादी कालाच्या पलीकडे जाऊन पुन्हा पुन्हा वेळ विचारते आहे. रात्री डबा उघडून वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तो प्रवेश ज्याने पाहिला तो विसरणार नाही. पुढे तेच दागिने घेऊन रंजू मास्तराबरोबर पळून जाते.

हे पुस्तक भाचीने त्या दिवाळीत माझ्या कपाटातून काढून एका रात्रीत वाचले होते. सकाळी चहा घेताना तिने सहज विचारले, "मामाजी, एवढ्या मोठ्या वाड्यात सगळी कामं कोण करतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. कारण उत्तर नाटकातच होते आणि मी इतकी वर्षे त्यावरून पाय टाकून गेलो होतो. कामे चंदू करतो. चंदू, धाकटा मुलगा, न शिकलेला, न बोलणारा. जुने गडी-माणूस गेले, मालकी गेली, पण वाड्याला राबणारा माणूस लागतोच. तो बाहेरून मिळेना, तेव्हा वाड्याने आपल्याच पोटच्या पोराला गडी केले. आणि दुसरी राबणारी केली ती प्रभा. मुलगी शिकली तर घराण्याची अब्रू जाईल, म्हणून तिचे आयुष्य भिंतीत चिणले. म्हणजे वाडा ही दगडविटांची वास्तू नसून माणसे राबवण्याची एक रीत आहे, आणि बाहेरची माणसे सुटली की ती रीत घरच्यांनाच खाऊ लागते, हे एलकुंचवारांनी स्पष्ट दाखवले आहे. माझ्या मते नाटकाचे खरे मोठेपण इथे आहे.

तक्रार आहे ती आम्हा वाचक-प्रेक्षकांबद्दल आणि समीक्षेबद्दल. आम्ही या नाटकाकडे पाहून बहुधा काय म्हटले? एकत्र कुटुंब मोडले, एक संस्कृती अस्तास गेली, चिरेबंदी मूल्ये ढासळली! वर्गात मीही हेच शिकवले, आणि उत्तरपत्रिकांत हेच वाचून पैकीच्या पैकी गुण दिले. कोसळत्या भिंतीसाठी आमचा कंठ दाटून आला. त्या भिंतीखाली तिच्या उभारणीपासून दबलेला चंदू दिसला तो एक करुण, दुय्यम पात्र म्हणून. वाड्याबद्दलच्या हळहळीने आमची नजर इतकी भिजलेली होती की लेखकाने समोर ठेवलेली गोष्टही धूसर दिसली. हा दोष छोटा नाही. ज्याने वाचायला शिकवायचे त्यानेच चुकीच्या जागी रडायला शिकवले, तर पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्याच जागी रडतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात, नाटक हे पुस्तकात राहत नाही. दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली, की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार आणि बाजार, रात्री नाटक. पुढे शंकरपटाच्या निमित्ताने, मळणीच्या हंगामापासून उन्हे तापेपर्यंत, कुठे ना कुठे कनाती उभ्याच असतात. वडसा हे या रंगभूमीचे मोठे केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. अंगावर घोंगडी, मांडीवर झोपलेले पोर आणि मध्येच गाण्याला "वन्स मोअर" अशा थाटात आमच्या माणसांनी आपले नाट्यशास्त्र शिकून घेतले आहे.

या रंगभूमीवरही वाडा असतो, पण तो बाहेरून पाहिलेला असतो. त्याचा मालक मालगुजार नाहीतर पाटील. मिशा पिळलेल्या, हातात काठी, नजर गरिबाच्या शेतावर आणि लेकीवर. तो पडद्यावर येताच मागल्या रांगेतून शिव्या येतात आणि तिसऱ्या अंकात त्याचा निकाल लागला की लोक समाधानाने घोंगड्या झटकतात. पुण्या-मुंबईचे जाणकार याला भडक म्हणतील. भडक आहेच. पण हा भडकपणा कुठून आला तेही पाहावे. जे वाड्याच्या पायरीपर्यंतच जाऊ शकले त्यांना आतली दादी, आतली प्रभा दिसणार कशी? त्यांना दिसली ती काठी. त्यांनी जे पाहिले ते इमानाने रंगवले. तरी तेही अर्धेच चित्र. एका रंगभूमीने वाडा माजघरातून पाहिला, दुसरीने फाटकातून, आणि या दोन प्रेक्षकांची आजवर भेट झालेली नाही.

इथे मला बिरसीच्या उत्तराकडे परत यायचे आहे. आमच्या शेजारीच कामठा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली ही एक मोठी जमीनदारी. १८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पदच्युत केले, तेव्हा कामठ्याच्या चिमणा पटेलाने त्यांच्या बाजूने बंड केले. इंग्रजी फौजेने ते मोडले आणि कुणबी घराण्याच्या हातची ती जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. म्हणजे घराण्याचा उदयास्त म्हणतात तो आमच्या उशालाही झाला आहे. यावर कादंबरी व्हावी इतका मालमसाला त्यात आहे. परंतु आमच्या घराण्यांनी मागे ठेवलेली खरी वास्तू वाडा नव्हे. ती आहे तलाव.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना सांगितले पाहिजे की इथे गावागणिक तलाव आहे, लहान असेल तर बोडी आहे. गोंडांच्या राजवटीपासून, आणि विशेषतः कोहळी समाजाच्या कसबाने, उताराला मातीची पाळ घालून पाणी अडवले गेले. पाणी सोडायला तुडूम, जास्तीचे पाणी निघून जायला सलंग, खाली धानाच्या बांध्या. नवेगाव बांधाचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. व्हेनिसच्या उमरावांनी पाण्यात घरे बांधली, आमच्या पाटील-मालगुजारांनी घरापुढे पाणी बांधले. ३१ मार्च १९५१ ला मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली (आम्ही तेव्हा त्या राज्यात होतो) आणि तलाव सरकारजमा झाले. कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले. कचेरीतल्या कोणा लेखनिकाला एवढे लिहिण्याचा कंटाळा आला असावा. आज सगळे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. भाचीला हे सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली. "म्हणजे तुमच्याच मालकीचे!"

मालकीचे नव्हेत, पण नाते आहे खरे. अशाच एका तलावाच्या पाळीवर माझ्या आजोबांनी माती वाहिली होती. गावाचे आणि मालकाचे नाव इथे नको. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर टोपली, आणि दिवसाची मजुरी म्हणून संध्याकाळी पायलीतून मोजलेले धान, तेही पुरते नाही. एकदा आजोबा तापाने घरी पडले तर मालकाचा माणूस दारात येऊन उभा राहिला. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज चढत नसे. पण लगेच दुसरे वाक्य येई : पाळ कशी रचली, काळी माती कुठली आणली, पाणी पहिल्यांदा सलंगावरून पडले तेव्हा सगळे गाव कसे पाहायला आले, मालक स्वतः कसा अनवाणी उभा होता. त्या वाक्यात आवाज चढे. त्यांना राग होता आणि अभिमानही होता, आणि दोन्ही एकाच पाळीबद्दल होते. त्या तलावाच्या पाण्यावर आम्ही वाढलो. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, माझी शाळेची फी भरली गेली.

मला मराठी साहित्यात हे दुहेरी वाक्य हवे आहे. 'स्वामी'त ते नाही. 'तुंबाडचे खोत'मध्ये त्याची एक बाजू आहे. मंडईच्या नाटकात दुसरी बाजू आहे. 'वाडा चिरेबंदी'च्या त्रयीत ते सर्वांत जवळ आले आहे असे मला आता वाटते. दुसऱ्या नाटकाच्या नावातच तळे आहे आणि तिसऱ्यात अवर्षणाने सगळे गाव करपून गेले आहे. चिऱ्यांकडून पाण्याकडे आणि पाण्याकडून कोरडीकडे हा प्रवास लेखकाने उगाच केलेला नाही. वाडा पडला तर एका घराण्याचे युग संपते. तळे आटले तर सगळ्यांचेच. समीक्षेने ही नाटके एका घराच्या ऱ्हासाची म्हणून वाचली, ती गावाची म्हणून वाचायला हवीत. आणि आमच्या बाजूच्या लेखकांनीही फाटकातून दिसलेली काठी रंगवून थांबू नये. काठी धरणाऱ्याच्या घरातली प्रभा पाहावी, आणि पाळ रचणाऱ्याच्या आवाजातला अभिमानही ऐकावा. असे लिहिणारा बहुधा वाड्यातला नसेल आणि वाड्याचा शत्रूही नसेल. तो टोपली वाहणाऱ्याचा नातू असेल. माझ्याकडून ते झाले नाही. मी शिकवण्यात आयुष्य काढले. वर्गात बसलेल्या कोणाकडून तरी होईल.

पुण्याच्या पेठेला सरदाराचे नाव मिळाले, व्हेनिसच्या उमरावाला सोनेरी पोथी मिळाली. पाळीवर माती टाकणाऱ्यांची पोथी कोणी ठेवली नाही. कित्येक मामा तलाव आज गाळाने भरले आहेत. मालक होता तेव्हा धाकाने का होईना, दरसाल डागडुजी होई. सगळ्यांचे झाल्यावर ते कोणाचेच उरले नाहीत. हा विषय समीक्षेचा नव्हे असे कोणी म्हणेल. मला तो समीक्षेचाच वाटतो. आपण कशासाठी रडायचे हे पुस्तके शिकवतात, आणि ज्यासाठी आपण रडत नाही ते आपण सांभाळतही नाही.

निघण्याच्या दिवशी पहाटे भाची दिसेना. शोधायला गेलो तर पाळीवर बसलेली. पुढ्यात वही, हातात पेन्सिल. तुडुमाचे चित्र काढीत होती, बाजूला मापे मांडली होती. मला पाहून म्हणाली, "मामाजी, ही पाळ नेमकी कोणी कोणी बांधली, नावं मिळतील का?"

मी म्हटले, "एक तर मला ठाऊक आहे. लिही."